पाणी साफ निघेपर्यंत

आमच्या धंद्यात एक नियम होता. कापड रंगवून झालं की ते पाण्यात खळबळायचं, पुन्हा पुन्हा, आणि पाणी साफ निघालं की काम संपलं. अब्बांनी जन्मभर त्यावर भरवसा ठेवला. रोहिणखेडच्या बाजूला आमचं गाव, तिथले ते एकटेच रंगारी उरले होते. ओढण्या, फेटे, लोकांच्या जुन्या साड्या. दुसरा नियम असा की रंगवलेलं कापड सावलीत वाळवायचं, कारण ऊन रंग खातं.

मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला गेले आणि नेमका उन्हालाच रंग खायला लावायचा उद्योग शिकले. जस्ताची एक पांढरी भुकटी असते, कण इतके बारीक की एकेक कण साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू नये. रंगीत पाण्यात ती घालून उन्हात ठेवली की ऊन अंगावर घेते आणि रंग तोडून टाकते. अब्बा हसले होते. "आमी जलमभर उन्हाले भेलो, अन् तू त्याले कामाले ठेवलं?"

हसले, पण त्यांच्या मनात एक सल होता. आमचं रंगाचं पाणी नालीनं शेजारच्या काकांच्या बांधाला जाई. काका आणि अब्बा लहानपणापासूनचे दोस्त, एकमेकांना भाऊ म्हणत. "तुह्यापायी माह्या बांधाले बारा महिने रंगपंचमी आहे बे," असं चिडवत काका चहाला बसत. तक्रार त्यांनी कधी केली नाही. अब्बांनाच ते खाई. "भाऊच्या वावरात माही घाण जाते," म्हणत.

म्हणून त्या उन्हाळ्यात मी भुकटीची बरणी घेऊन घरी आले. गडद पाण्यात ऊन खोलवर जात नाही, तेव्हा अंगणात वीतभर खोलीचा पसरट हौद बांधून घेतला. सकाळी पाणी जांभळं होतं. अब्बा डोक्याला रुमाल बांधून काठीनं ढवळत बसले. दुपार कलली, असरच्या नमाजाची वेळ झाली, तोवर जांभळं कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या दिवशी भुकटी तळाला बसल्यावर वरचं पाणी दुहेरी कापडातून गाळलं. अब्बांनी ओंजळीत घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी त्यातली एक बाटली प्रयोगशाळेत नेली. यंत्रावर रंग मोजला, जवळजवळ शून्य. लगेच फोन लावला, "अब्बा, एकदम साफ!" बस, एवढंच मोजलं मी. मोठी शहाणी! रंग पक्का बसावा म्हणून त्याच पाण्यात मीठ आणि सोडा पडायचा, लहानपणी मीच माझ्या हातानं घातलेला. भुकटी रंग तोडते, मिठाला हातही लावत नाही. मला हे माहीत होतं. पण माझं डोकं तेव्हा हवेत होतं.

त्या वर्षी काकांनी बांधालगतच्या पट्टीत बीटी कपाशी टोबली होती. महागाचं बियाणं, रोपं दोन पानांवर आलेली, आणि पावसानं दडी मारली. काका-काकू लांबून पाणी आणून एकेका रोपाला तांब्यानं घालत. अब्बांना राहवलं नाही. "भाऊ, माह्या हौदातलं घे. पोरीनं तपासलं, साफ आहे." आठवडाभर दोघांनी मिळून पट्टी ओली केली. अब्बांनी फोनवर हे इतक्या आनंदानं सांगितलं! मी घाईत होते. "वा, छान," म्हणाले आणि फोन ठेवला.

पानांच्या कडा जळाल्या, मग रोपांनी माना टाकल्या. काकांना वाटलं, बियाणं बोगस निघालं. ते दुकानदाराशी भांडायला निघाले. अब्बा गप्प राहू शकले असते. त्यांनी हौदातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तसेच अनवाणी धावत जाऊन काकांना वाटेत गाठलं. "भाऊ, बियाण्याचं काई नाई. माहं पाणी खारं होतं."

काका वाटेतूनच मागे फिरले आणि घरी गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पट्टी त्या वर्षी पडीक राहिली. नंतर दोन पावसाळ्यांनी ती धुऊन निघाली आणि तिथं पुन्हा कपाशी आली. काका मात्र चहाला परत आले नाहीत.

रोपं गेल्याचं कळल्यावर मी धावत घरी आले होते. अब्बा कोरड्या हौदाच्या काठावर बसलेले. "रंग होता तवर लोक त्या पाण्यापासून दूर राहत, पोरी. बकरीही तोंड लावत नव्हती. तू त्याची निशानी पुसली." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण मी नुसती रडले. अब्बांनी रंगाची भट्टी विझवली ती कायमची.

पुढं कितीतरी वर्षं दर फोनला त्यांचा एकच प्रश्न असे. "काऊन पोरी, तुह्या पावडरनं मीठ निंघते का आता?" मी म्हणायचे, "नाही अब्बा, अजून नाही." "बरं," म्हणायचे, आणि काकूंची तब्येत सांगायचे. ती त्यांना दुसऱ्यांकडून कळलेली असायची.

अंथरुणाला खिळले तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "हाव अब्बा, निंघते." 'एकदम साफ'नंतरचं माझं दुसरं खोटं.

अब्बांचा चेहरा उजळला. "मंग भाऊले सांगजो," म्हणाले.

काका अजून आहेत. गावी गेले की ते मला ओट्यावर बसलेले दिसतात. मी अजून त्यांच्याकडे गेलेले नाही.