वरून प्यायलेला चहा

प्रवास म्हटला की माझ्या ओठावर फोड येतात. ऊन, जागरण, एवढंसं निमित्त पुरतं. म्हणून जपानला येताना पुण्याहून आणलेलं मलम कायम पर्समध्ये असतं, आणि क्योतोच्या परिषदेला निघताना नेमकी मी पर्स बदलली. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी खालच्या ओठाच्या कोपऱ्यात चुणचुण सुरू झाली. बाहेर काहीच दिसत नव्हतं, पण मी तिला चांगली ओळखून आहे. तेव्हापासूनच हे दुसऱ्याला लागू शकतं. दिवसभर मास्क लावून फिरले, कुणाला पत्ता लागू दिला नाही.

संध्याकाळी आमच्या लॅबचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, मला क्योतोतल्याच त्यांच्या बहिणीकडे चहाला घेऊन गेले. हा चहा हिरवा, पिठल्यासारखा दाट, आणि एकाच वाडग्यातून सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचा. मास्क काढावाच लागला. सेन्सेई प्यायले, कड पुसून त्यांनी वाडगा मला दिला. माझ्यानंतर त्यांची नव्वदीची आई होती, नुकतीच न्यूमोनियातून उठलेली.

या फोडांचं नाव हर्पिस, आणि हा शब्द जपानीतही तोच आहे, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. पण सेन्सेईंसमोर तो उच्चारायचा या कल्पनेनेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि म्हातारीला हे लागलं तर? मग मी तांब्याने पाणी पितात तशी मान मागे टाकली आणि ओठ न लावता वाडगा वरून तोंडात ओतला. पिठलं कधी असं पिता येतं का? आधी काहीच येईना, मग एकदम गोळा आला आणि हनुवटीवरून पांढऱ्या ब्लाउजवर ओघळला.

सेन्सेई हळूच बहिणीला म्हणाले, "भारतात दुसऱ्याच्या तोंडचं चालत नाही. धर्माचं असतं. मी आधीच सांगायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून विचारलं, "हो ना?"

मी "हो" म्हणाले.

बहिणीने वाकून माफी मागितली, आतून नवा वाडगा आणला आणि माझ्यापुरता वेगळा चहा घोटला. पुण्यात आई कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवते म्हणून मी तिच्याशी कितीदा कडाकडा भांडले आहे. इथे वेगळा कप मी स्वतः मागून घेतला होता, आणि ती माणसं आपल्या उष्ट्याबद्दल माझी क्षमा मागत होती.