सरांच्या गालावर सापडलेलं द्रव्य

बेहड्याच्या झाडावर भूत असतं आणि त्याच्या सावलीत बसलं की घरात भांडण लागतं, हे आमच्या करडी गावात शेंबडं पोरही सांगेल. मी त्याच झाडाच्या फळावर पीएच.डी. करायला घेतली. भूत काही दिसलं नाही. भांडणं भरपूर झाली, पण ती बहुतेक नळाशी.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. बेहडा खोकल्यावर चालतो, पोटावर चालतो, म्हणजे त्याच्यात काहीतरी द्रव्य असणारच. ते फळातून वेगळं काढायचं, शुद्ध करायचं आणि ते नेमकं कोण आहे हे ओळखायचं, एवढाच माझा विषय. सांगायला किती सोपं! फळाचा अर्क काढायचं काचेचं यंत्र दिवसभर चालवायचं तर त्याच्या नळीभोवती थंड पाणी सारखं वाहतं लागतं, आणि आमच्या नळाला पाणी यायचं ते त्याच्या मर्जीने. शेवटी मी कपाटावर एक पिपा चढवला आणि विहिरीवरून बादल्या वाहू लागलो. पोरं विचारायची, "सर, घरी लगन हाय का?"

माझे गाईड नागपूरला होते. माणूस भयंकर कडक. रसायनशास्त्र पुस्तकात नसतं, बोटांत असतं, असं त्यांचं म्हणणं. कोणतंही द्रव्य समोर आलं की दोन थेंब मनगटावर चोळायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि मग बोलायचं. त्या मार्चअखेर ते रिटायर होणार होते आणि सामान बांधून मुलाकडे पुण्याला जाणार होते. ते गेले की मला नवा गाईड शोधायचा, नवा गाईड म्हणणार की माझा विषय घे, आणि माझी पाच वर्षं बादल्यांसकट पाण्यात. मार्चच्या आत काहीतरी ओळखून दाखवणं भाग होतं.

फळं माझी माय पुरवायची. फेब्रुवारीत बेहडे गळाले की ती वेचून आणायची, अंगणात वाळवायची आणि बोरीत भरून ठेवायची. माय म्हणजे धान्य राखण्यात पक्की बाई. आमच्या घरच्या तांदळात कधी कोणी टोका पाहिला नाही. शेजारणी आपली डाळ घेऊन तिला विचारायला यायच्या. अशा बाईच्या हाती माझा कच्चा माल असल्यामुळे मी निर्धास्त होतो.

त्या वर्षीची बोरी मी नवं धान घरात आल्यावर, हिवाळ्यात, भंडाऱ्याला आणली. बेहडे जरा काळे, तेलकट डागांचे वाटले. पण आतून जे निघालं ते पाहून मी हरखलो. काळपट, दाट, तेलासारखं द्रव्य. हवेत ठेवलं की आणखी काळं पडायचं. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की झकास हिरवा रंग. बेहड्यात असलं काही निघाल्याचं मी कुठेच वाचलं नव्हतं. मी बाटलीला बूच मारलं, रुमालात गुंडाळली आणि नागपूरच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. शहापूर येईपर्यंत शेजारच्या माणसाने वासाने हैराण होऊन विचारलंच, "गुरुजी, ढोराचं औषध हाय का?" नवीन द्रव्य शोधणारा माणूस असल्या प्रश्नांना उत्तर देत नसतो.

सरांनी बाटली उघडली. थेंब मनगटावर चोळला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मग त्याच बोटांनी चष्मा काढून पुसला, गाल खाजवला, मिशी चाचपली.

"नवीन दिसून राहिलं बे," ते म्हणाले. पाच वर्षांत सरांच्या तोंडून मी पहिल्यांदा बरा शब्द ऐकत होतो. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात त्या द्रव्याचं बारसंही उरकून घेतलं. बेहड्याचं नाव, मागे करडीचं नाव, झाक जमत होतं.

दोन दिवसांनी सरांचा निरोप समारंभ होता. सर स्टेजवर आले आणि हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, ओठ वडे तळावे तसे फुगलेले, गाल लालबुंद. लोकांना वाटलं, सर रात्रभर रडले. "इतका कडक माणूस, पण आतून बघा किती हळवा," असं म्हणत एक मॅडम पदर डोळ्याला लावू लागल्या. मग सगळी पहिली रांगच रडू लागली. ज्यांना सरांनी जन्मभर छळलं तेही नाक ओढत होते. मी हार घालायला गेलो तेव्हा सर माझ्या कानाशी फुगल्या ओठांनी म्हणाले, "बेहडाच होता ना रे तो?"

"हो सर."

"मग माह्या तोंडावर हा बिबा कायचा उतला?"

काळं तेल, हवेत आणखी काळं पडणारं, हिरवा रंग देणारं. बिबा. आमच्या झाडीपट्टीत ज्याच्या त्याच्या ओळखीचा बिबा, ज्याच्यातलं द्रव्य माझ्या जन्माच्या आधीच लोकांनी काढून, ओळखून, छापून ठेवलं होतं. मोठ्या यंत्राने चार महिने लावून सांगितलं असतं ते सरांच्या गालाने दोन दिवसांत सांगितलं. मला काही झालं नव्हतं, कारण आमच्या घरात बिबा कोणालाच उतत नाही, म्हणजे त्याच्या तेलाने कोणाचं अंग सुजत नाही. माय तर तापवून त्याचं तेल टाचेच्या भेगांत भरते. मला भयंकर राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मी तडक करडीची गाडी धरली.

"माय, बेहड्याच्या बोरीत काय टाकलं होतं?"

"काही नाही. किडं लागू नये म्हून आपलं टाकतेत ते."

"काय ते?"

"ते काळं."

"नाव सांग ना त्याचं."

"नाव काहून घेऊ? कोणाच्या आंगावर उतन न."

ही आमच्याकडची रीत. धानाच्या ढोल्यात, डाळीच्या मडक्यात बिबे टाकायचे, पण तोंडाने नाव घ्यायचं नाही. ज्याला उतायचा त्याला नाव ऐकूनही उततो म्हणतात. (मी इथे बेधडक लिहून टाकलं आहे. वाचणाऱ्या कोणाला खाज सुटली तर चारोळी दुधात वाटून लावावी.) मायने बेहड्यातही मूठभर टाकले. त्यावर नव्या धानाच्या बोऱ्या चढल्या, बिबे चेपले आणि त्यांचं तेल बेहड्यांनी पिऊन घेतलं. मला बोरी देताना तिने बिबे वेचून बाजूला काढले होते.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं अस्तं त नाव घ्या लागलं अस्तं," माय म्हणाली. मग सरांच्या तोंडाची हकीकत ऐकून तिचं तोंड उतरलं. तिने डब्यातली होती नव्हती तेवढी चारोळी पुडीत बांधून दिली. "आता तुही डिग्री जाते का बाबू?" तिने विचारलं. मी म्हटलं, गेली.

दुसऱ्या दिवशी चारोळी घेऊन मी सरांच्या घरी उभा राहिलो. सर चेहऱ्याला पांढरा लेप लावून खुर्चीत बसले आणि मी झाला प्रकार सांगितला. लेपामुळे ते चिडले की हसले ते दिसेना.

"द्रव्य शुद्ध काढलं होतं तू," शेवटी म्हणाले. "त्यात वादच नाही. मी पुण्याला सध्या जात नाही. एवढं तोंड सुजवून घेतलं ते फोकट नाही. बेहडा आण. नुसता बेहडा."

मायने उशिरा गळालेले बेहडे लगेच वेचले. पण अर्काला लागणारं सॉल्व्हेंट कॉलेजात यायला दिवाळी उजाडली, तोवर बोरी करडीतच पडून राहिली. उघडली तर सगळा भुसा. बेहड्यांना भोकं, भोकांत किडे, किड्यांची पिल्लं. माझं डोकं सणकलं.

"माय, हे काय होय?"

"किडे हायत."

"ते दिसून राहिलं. काही टाकलं काहून नाही?"

"तूच म्हणलास ना, नुसता बेहडा." ती बोरीशी बसून एकेक फळ निवडू लागली. "रोज येऊन पाहत होती मी. हात शिवशिवत होते. शेजारीण पाहून गेली, म्हणे म्हातारी झाली आता, घरात किडं लागू देते. लागू देलं. तुही डिग्री कायले जावी माह्यापायी?"

जिने जन्मात धान्याच्या एका दाण्याला टोका लागू दिला नाही, तिने पूर्ण पावसाळा डोळ्यांदेखत किडे वाढू दिले होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि दोघांनी मिळून धड फळं निवडली. निघाली ती जेमतेम पायलीभर.

तेवढी पुरली. त्यातून गॅलिक आम्ल निघालं. पांढऱ्याशुभ्र, बारीक सुया. सरांनी सवयीने मनगट पुढे केलं, मग मागे घेतलं आणि नुसतं लांबून पाहिलं. त्याच्यासोबत आणखी दोन-तीन ओळखीची द्रव्यं निघाली आणि तेवढ्यावर माझी पीएच.डी. झाली.

सरांनी प्रबंधाला हो म्हटलं त्या आठवड्यात मी त्यातल्या चिमूटभर सुया काचेच्या नळीत घालून करडीला नेल्या. मायने नळी उजेडात धरली.

"नवीन हाय?"

"नाही. लई जुनं हाय. साऱ्या जगाले ठाऊक."

"मंग चांगलं हाय," ती म्हणाली. "वळखीचं हाय त कोणाले काही होणार नाही. सरले सांगजो, माह्या बोरीत बेहडाच होता. दुसरा कोणी नव्हता."

त्या दुसऱ्याचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही.