सिद्धाप्पा आणि बुडबुडा

तुळजापूर रस्त्याला सिद्धाप्पाचं पंक्चरचं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाइकानं पंक्चर एकच आहे म्हटलं की तो आधी दुसरं शोधायचा. बहुतेक वेळा ते सापडायचंही, त्यामुळे खोड सुटायची आशा नव्हती. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. जगात खरं बोलतो तो बुडबुडाच, बाकी सगळे ड्रायव्हर, असं त्याचं मत.

माणूस मूळचा सांगोल्याकडचा, धनगराचा. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं संपली आणि तो बायकोला घेऊन इकडं आला. पाणी त्यानं तोवर विहिरीच्या तळाशीच पाहिलेलं, तेही संशयानं. पण पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात दुकानासमोर कुणीतरी हवा भरायचं मशीन आणलं आणि ट्रक पलीकडं थांबायला लागले. सिद्धाप्पाकडं उरल्या दोन ट्रकच्या ट्यूबा. त्या त्यानं टम्म फुगवून शेजारी शेजारी बांधल्या, वर बांबूची चौकट ठोकली, त्यावर पोतं अंथरलं आणि हिपरग्याच्या तलावावर मासे धरायला निघाला.

तलावावर मासेमारी भोयांची, आणि त्यांचा म्होरक्या जोतीराम. मेंढरांतला माणूस ट्यूबा घेऊन पाण्यावर येतो म्हणजे सरकारी खात्यानं पाठवलेला असणार, असं जोतीरामला वाटलं. जोतीराम आपल्या ट्यूबांत बाभळीचा काटा टोचणार, असं सिद्धाप्पाला वाटलं. आठ दिवस दोघं एकमेकांच्या हातांकडंच बघत होते.

शेवटी जोतीरामनं अट घातली.

"आषाढाच्या वाऱ्यात लाटा फोडून आत जा. जाळं टाकून माघारी ये. आलास तर एक जागा तुजी. न्हाय तर परत तलावाला पाय लावू नगंस."

दुकान गेलेलंच होतं. आता ही जागाही नसेल तर सांगोल्याला परत, आणि तिथं तर पाणीही नाही नि मेंढरंही नाहीत.

आषाढात वारा तलावाच्या त्या टोकाकडून धावत येतो आणि या काठावर कमरेएवढ्या लाटा आदळवतो. भोई काय करतात, तर मोठ्या दोन-तीन लाटा जाऊ देतात, मग जरा खंड पडला की तोंड सरळ लाटेकडं धरून ढकलतात आणि चढून बसतात. आडवं व्हायचं नाही, एवढंच शास्त्र. सिद्धाप्पानं दोन दिवस ते बारकाईनं बघितलं होतं. मुद्दाम चुकीचं दाखवत असतील, हा विचार धरून बघितलं होतं, तरी बघितलं होतं.

ठरल्या दिवशी तो छातीएवढ्या पाण्यात गेला. पहिली लाट फुटली, फेस झाला आणि ट्यूबेच्या कडेला त्याला हजार बुडबुडे दिसले. वीस वर्षं गाड्या ओढलेला बैल हाळी ऐकली की थांबतो, तसा सिद्धाप्पा थांबला. वळून त्यानं बुडबुड्यांवर अंगठा दाबला. तेवढ्यात ट्यूबा आडव्या झाल्या आणि दुसऱ्या लाटेनं सगळं उलथं करून काठावर आणून टाकलं.

त्यानं बांधाआडच्या संथ पाण्यात दोन्ही ट्यूबा दाबून बघितल्या. बुडबुडा नाही. म्हणजे काटा टोचून परत काढून घेतलाय, असं तो म्हणाला. काढून घेतला तर भोक कुठं गेलं, असं भोयांनी विचारलं. याचं उत्तर शोधत तो परत पाण्यात गेला, आणि परत बुडबुड्यांवर अंगठा ठेवून परत काठावर आला. काठावरचे भोई आता बसून बघायला लागले होते.

जोतीरामनं बिडी विझवली. "आता एकदाच. मग वाट धर."

तेव्हा काठावर बसलेली त्याची बायको मायाक्का उठली. तिनं लुगडं खोचलं आणि सरळ जाऊन पोत्यावर बसली. दोघं बसली तर चालेल का, असं जोतीरामला विचारायचंही तिनं टाळलं.

"तुमी फुडं लाटंकडं बगा," ती नवऱ्याला म्हणाली. "बुडबुडं मी बगते. ट्यूब गळाली तर सांगते की."

"नीट बगशील न्हवं?"

"व्हय."

मोठ्या लाटा गेल्या. सिद्धाप्पानं ढकललं, उडी मारून चढला, फळीनं पाणी कापायला लागला. पहिली लाट अंगावर फुटली. दुसऱ्या लाटेत मायाक्का कानापर्यंत भिजली. किती, किती, असं तो ओरडत होता आणि एक पण न्हाय, असं ती सांगत होती. तिसऱ्या लाटेनंतर पाणी नुसतं हेलकावे देत होतं, फुटत नव्हतं. तिथं त्यानं मागं बघितलं, तर मायाक्का दोन्ही हातांनी बांबू धरून डोळे गच्च मिटून बसलेली.

त्यावर तो काय बोलला, ते वाऱ्यात काठावर ऐकू आलं नाही. पण जाळं पडलं आणि दोघं कोरड्या जमिनीवर परत आली.

जोतीराम शब्दाला जागला. पूर्वेकडचा, बाभळी नसलेला कोपरा त्यानं सिद्धाप्पाला दिला. चांगला कोपरा होता. सिद्धाप्पानं तो बराच वेळ न्याहाळला. एवढ्या सहजी देतोय म्हणजे तिथं मासा नसणार, असं त्याच्या मनानं घेतलं. आधी एक दिवस तिथं तुमचंच जाळं टाकून दाखवा, असं त्यानं जोतीरामला सांगितलं.

जोतीरामनं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसांना उचलावी लागेल एवढी मरळ निघाली, आणि जाळं जोतीरामचं असल्यामुळे ती जोतीरामच्या घरी गेली. मायाक्का आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. सिद्धाप्पाची मात्र खात्री पटली. त्यानं त्या कोपऱ्यात अकरा वर्षं मासे धरले.