न विचारता

सौसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्याशेजारी दृष्टी गेलेले एक काका बसले होते. त्यांचा अंगठा मोबाइलच्या एकाच कोपऱ्यात पुन्हापुन्हा जाई आणि दर वेळी भलतंच गाणं वाजे.

"इथं दाबलं का पोरीले फोन लागे," ते संतापून म्हणाले. "सकाळपासून दाबून राहिलो. स्क्रीनवरचं ॲप जागचं हलू नये म्हनून कुलूप होतं. कालच्या अपडेटनं कुलूपच काढून टाकलं, अन् सारं इकडचं तिकडं झालं!"

मी त्यांच्या मोबाइलमध्ये ती कुलपाची सेटिंग शोधली. खरंच नव्हती.

"मी मुलीचा नंबर पुन्हा त्याच जागी लावून देतो, काका."

"आज तुमी लावून द्यान, उद्या कंपनीवाले पुन्हा हलवतीन. मोबाइल माहा हाय ना भाऊ? मंग मले इचारलं काहून नाही?"

उघडून पाहिलं, तर माझ्याही मोबाइलमधून ती सोय गेली होती. मला पत्ताच नव्हता.