दोन फेऱ्यांची लोकर

आमच्या घरातून सकाळी भांडण ऐकू आलं नाही, तर शेजारीण दारात येऊन विचारायची, "काय गं, बरं आहे ना सगळं?"

भांडण म्हणजे आईचं आणि आत्याचं. आत्या ही बाबांची थोरली बहीण, आमच्याच घरात राहायची. आई तिला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची, आणि त्याच अहोजाहोत तिला सोलून काढायची. आत्याही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दोघींच्या मध्ये बाबा चहाचा कप घेऊन बसायचे आणि पेपर उलटा धरला तरी त्यांना कळायचं नाही.

आत्याने लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "ज्यांनी विचारलं ते मला पसंत नव्हते, आणि जो पसंत होता तो मेला मुखदुर्बळ निघाला." तरुणपणापासून ती लोकरीच्या गिरणीत, पिंजण खात्यात होती. गिरणी बंद पडली त्या दिवशी बाकीच्या बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि ही साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसली होती. तिला नमुने पिंजायचं छोटं हातयंत्र हवं होतं. साहेबांनी कंटाळून दिलं. हातगाडीवर घालून तिने ते घरी आणलं तेव्हा बाबा म्हणाले, "ताई, हे धूड ठेवायचं कुठे?" ती म्हणाली, "तुझ्या डोक्यावर." ठेवलं मागच्या खोलीत.

आम्ही त्याला ढोल म्हणायचो. लाकडी चौकटीत दोन रूळ आडवे बसवलेले, एक मनगटाएवढा, एक चांगला घागरीएवढा. दोन्हींवर तारेचे बारीक, वाकडे दात, इतके दाट की हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं लागायचं. बाजूला दांडा. दांडा फिरवला की छोटा रूळ लोकर ओढून घ्यायचा, मोठ्याच्या हवाली करायचा, आणि मोठा तिला विंचरत विंचरत अंगावर गुंडाळून घ्यायचा.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. कातरलेली लोकर आधी कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवायची. चोळली की संपलं, ती घट्ट बसून तिचा नमदा होतो, मग सुटत नाही. मग ती जाळीवर वाळवायची, बोटांनी सुटी करायची, गवताच्या काड्या, काटे, कसल्या कसल्या बिया वेचायच्या. त्यानंतर ढोलाला द्यायची, तीही पलीकडचं दिसेल इतकी पातळ. हावरटपणा करून जास्त कोंबली की रूळ अडकलाच. शाळेतून आल्यावर मी हटकून कोंबायची आणि आत्या ओरडायची, "अगं ए मिरचे, त्याला घास दे, बकाणा नको!"

मोठ्या रुळाचे दात भरले की दांड्याचा आवाज बदलायचा. आधी नुसतं खर्र खर्र चाले, मग मऊ, दबलेलं, कुणी पोटभर जेवून बोलावं तसं. रुळावर एका ठिकाणी दात नसलेली पट्टी होती. तिच्यात आत्या लांब सळई घालायची, थर उचलून तोडायची आणि रूळ उलटा फिरवत अख्खी लोकर एका तुकड्यात सोडवून घ्यायची. तो थर उजेडात धरला की आरपार खिडकी दिसायची. हा झाला पहिला फेरा. तोच थर लांब लांब पट्ट्यांत फाडून परत ढोलाला दिला की दुसरा फेरा. मग त्याच्या गुंडाळ्या करायच्या. त्यांना आत्या पेळू म्हणायची. ते पेळू जायचे आईकडे.

कारण पुढच्या खोलीत आईचा पायाने चालवायचा चरखा होता. आत्याने पिंजायचं आणि आईने कातायचं, असा तो संसार होता. आणि भांडणाचं मूळ तिथेच होतं.

आत्या दोनच फेरे द्यायची. जगबुडी आली तरी तिसरा नाही. त्यामुळे लोकरीत कुठे कुठे बारीक गाठी राहायच्या. आई कातता कातता चरखा थांबवून ओरडायची, "वन्सं! गाठी!"

मागच्या खोलीतून उत्तर यायचं, "दिसतात ना? मग काढ! डोळे दिलेत देवाने!"

"एक फेरा जास्त दिलात तर हात झडतील का तुमचे?"

"लोकर आहे ती, पीठ नाही! जास्त पिंजलं की तिचा जीव जातो!"

इतकी वर्षं हे चाललं. शब्दही तेच. आई चिडून गाठ नखाने काढायची, एखादी राहू द्यायची, आणि तिच्या सुतात तो एक खडबडीतपणा यायचा. तिच्या सुताचे स्वेटर घालणारे लोक म्हणायचे की ऊब याच्यातच आहे. आई हे आत्याला कधी सांगायची नाही. मेले तरी नाही सांगणार, असंच म्हणायची.

मग एका सकाळी आई न्हाणीघरात पडली. अर्धांगाचा झटका. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा तोंड वाकडं झालं होतं ते बरंचसं सावरलं होतं, पाय ओढत का होईना काठीने चालत होती, बोलणंही हळूहळू परत येत होतं. पण उजवा हात मांडीवर पडून असायचा. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या, आवडीचं काम द्या, येईल ताकद. नाहीही येणार, पण प्रयत्न करा.

आवडीचं काम एकच होतं. आम्ही तिला चरख्यापुढे बसवलं. पाय चालला, चाक फिरलं, आणि सूत तुटलं. परत जोडलं, परत तुटलं. गाठ आली की चिमटीत जोर लागतो, आणि तिच्या चिमटीत कागद धरण्याइतकाही जोर नव्हता. तिने हात मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. ओरडली नाही. "वन्सं, गाठी," असं पुटपुटलीसुद्धा नाही. ती गप्प बसली याचीच मला धास्ती वाटली. त्या दिवशी शेजारीण खरोखरच येऊन विचारून गेली.

मी तेव्हा सकाळच्या शाळेत शिकवत होते. दुपारी घरी असायची. आई जेवून निजली की मागच्या खोलीचं दार लागायचं आणि ढोल सुरू व्हायचा. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की तो थांबतच नाहीये. मला काय, त्या आवाजावरच मी मोठी झाले. एक फेरा झाला, दुसरा झाला, आता बंद व्हायला हवा, तर हा आपला चालूच. मी दार ढकललं.

आत्या घामाने निथळत होती. डाव्या हाताने उजवा खांदा दाबून धरलेला आणि उजव्याने दांडा फिरवतेय. समोर पेळूंचा ढीग. मी एक उचलला. बाई गं! धूर हातात घ्यावा तसा. गाठ म्हणून औषधाला नाही. नुसतं टोक धरलं तरी लोकर आपल्या पायाने पुढे येत होती.

"आत्या, हा कितवा फेरा?"

"तुला काय करायचंय?"

"लोकरीचा जीव जातो ना?"

"जाऊ दे गेला तर," ती म्हणाली. "तिची बोटं जिवंत होऊ देत." मग माझ्यावर बोट रोखून म्हणाली, "आणि ब्र काढलास तिच्यापाशी, तर याच ढोलात घालून पिंजून काढीन तुला."

मी भडकले. म्हटलं, "स्वतःचं वय बघ. खांदा निखळला तर दोघींची उस्तवारी मीच करायची ना?" ती ऐकतेय कसली! मलमाची बाटली माझ्यापुढे सरकवली, पाठ फिरवून बसली आणि म्हणाली, "चोळ. तोंड चालतंय त्यापेक्षा हात चालव." मी चोळलं. चोळता चोळता रडूही आलं, राग जास्त होता की माया, मला आजही सांगता येणार नाही.

आणि आईला जमायला लागलं. त्या लोकरीला चिमटीची गरजच नव्हती. सूत आपोआप ओढलं जायचं, गुळगुळीत, एकसारखं, दुकानातल्यासारखं. बाबा तर हरखूनच गेले. येईल त्याला लडी दाखवायचे, "बघा, आधीपेक्षा सुरेख कातते!" आई त्यांच्याकडे बघायची आणि मान फिरवून डोळे मिटायची. मला वाटायचं, थकली असेल.

एका दुपारी मी आत्याला पट्ट्या फाडून देत होते. ढोल चालू होता. अचानक दारात काठीचा आवाज आला. आई. पुढच्या खोलीतून मधला बोळ ओलांडून एकटी आली होती. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. केस विस्कटलेले, श्वास लागलेला.

"वन्सं, थांबवा ते."

आत्याने दांडा सोडला.

"कितवा फेरा?"

"दुसरा," आत्या म्हणाली. चोर पकडला जावा तसा तिचा चेहरा.

"माझा हात गेलाय, वन्सं. कान नाही गेले." आईचे शब्द अजून जड यायचे, पण हे तिने एकेक करून नीट उच्चारले. "रोज दुपारी पडल्या पडल्या ऐकते मी. जन्मभर घसा फोडून तिसरा फेरा मागितला, दिला नाहीत. आता न मागता पाचवा देताय. म्हणजे मी संपले. असंच धरलंत ना तुम्ही?"

आत्या जागेवरून अर्धी उठली.

"अगं वहिनी, तसं नाही गं..."

"कसं ते मला कळतं. लाड परक्यांचे करतात, नाहीतर जाणाऱ्यांचे." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, एकात काठी आणि दुसरा तसा. "मला माझ्या गाठी द्या."

मी मध्ये पडणार होते. हे काय वेड आहे, चांगलं चाललंय ना, असं माझ्या अगदी ओठावर होतं. आत्याने माझं मनगट धरलं. तिने सळई घातली, ढोलावरचा तो धुरासारखा थर उतरवून बाजूला टाकला आणि नवी लोकर घेतली. दोन फेरे दिले. बरोबर दोन. पेळू वळले आणि उंबऱ्यावर टेकलेल्या आईच्या ओच्यात टाकले, नेहमी टाकायची तसे, जरा आपटूनच.

पुढचे दिवस वाईट होते. फार वाईट. सूत तुटायचं, आई जोडायची, तुटायचं. चिमटीतून गाठ निसटायची आणि फिरकीवरचं सगळं गुंतून बसायचं. बाबा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "ताईला सांग, परत तसलीच पिंज. हिचे हाल बघवत नाहीत." मी आत्याला सांगितलं. ती मागच्या खोलीत ढोलापुढे हात बांधून बसली होती, खांदा दुखत होता पण चोळूनही घेत नव्हती. म्हणाली, "गाठी मागितल्या आहेत तिने. आता कमी करून दिल्या तर ती मला तोंड दाखवणार नाही." आणि हळूच विचारलं, "तुटतंय का अजून?"

"तुटतंय."

"बरं."

रोज विचारायची. बोळात येऊन दाराआड उभी राहायची, आत यायची नाही. माझी आत्या, जिला कधी कुणाच्या बापाची भीती वाटली नाही, ती एका सुताच्या आवाजाला भिऊन भिंतीला टेकून उभी असायची. तिसरा फेरा देऊन टाकावा असं तिला कितीदा वाटलं असेल, तिचं तिला माहीत.

मग एक दिवस आत्या आणि मी मागच्या खोलीत चहा पीत होतो. पुढे चरखा चालू होता. चालू होता, चालू होता, आणि थांबला. आम्ही कप खाली ठेवले. तुटलं परत, असं मी म्हणणार, तोच घर दणाणलं.

"वन्सं! ही लोकर पिंजलीय की नुसती ढोलाला दाखवून आणलीय? केवढाली ही गाठ! बोट भरून आलं माझं काढताना!"

काढताना. गाठ काढली होती. त्याच हाताने.

आत्या पदर तोंडात कोंबून रडली, खांदे गदागदा हलत होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले तर मला ढकललं, नाक पुसलं, घसा साफ केला आणि बसल्या जागेवरून अशी काही ओरडली की शेजारणीच्या खिडकीतलं मांजर पळालं असेल.

"दिसतात ना? मग काढ! डोळे दिलेत देवाने!"

त्यानंतर आई आणि आत्या चांगली काही वर्षं भांडल्या. आधी आत्या गेली. आईने त्यानंतर चरख्याला हात लावला नाही. बाजारात तयार पेळू मिळतात म्हटलं तर म्हणायची, "त्यात भांडायला काय आहे?"

त्या दिवसांतल्या सुताची आईने एक शाल विणली होती, आजाराचं सूत आणि नंतरचं सूत एकापुढे एक लावून. ती माझ्याकडे आहे. परवा माझी सून मला म्हणाली, "आई, ही इकडची बाजू किती सुंदर आहे हो, अगदी रेशमासारखी. पुढे मात्र बिघडलीय. सगळ्या गाठीच गाठी." मी तिच्या हातातून शाल ओढून घेतली. ती बिचारी घाबरली, आपण काय चुकीचं बोललो म्हणून. तिला बसवून हे सगळं सांगितलं.

आता घर शांत असतं. थंडी पडली की मी शाल काढते आणि गाठींची बाजू गळ्याशी घेते.