तीन थाळ्या आणि एक गुलाबी तुकडा

गेल्या शनिवारी सकाळी, सौंसरच्या आमच्या घरातल्या मधल्या खोलीत, अडीच वर्षांच्या एका व्यक्तीशी मी वाद घातला आणि हरले. हरले आहे, हे मात्र मला दुपारी कळले...

आधी पार्श्वभूमी सांगते. माझी सून प्रणाली हिला लोधीखेड्याच्या एका शाळेत नोकरी मिळाली. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे होते. नात स्वरा दिवसभर माझ्यापाशी राहते की नाही, हे पाहण्यासाठी प्रणाली आठवडाभर रोज दहाला घराबाहेर पडे आणि दोनला परते. शनिवारपर्यंत जमले नाही, तर शाळेला नकार कळवायचा, हे तिने निक्षून सांगितले होते.

मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात निवृत्तीपर्यंत तर्कशास्त्र शिकवले. एक मूल चार तास सांभाळता येणार नाही, हे विधानच मला मान्य नव्हते.

जाताना प्रणालीने वहीत एक यादी लिहून दिली होती. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून उतरवलेल्या, लहान मुलांसोबत घरच्या घरी करण्याच्या ‘ॲक्टिव्हिटी’... या यादीबद्दल माझा मूलभूत आक्षेप असा की, ती ज्या मुलासाठी रचलेली आहे ते मूल अस्तित्वात नाही. ते मूल सांगितलेल्या जागी बसते, सांगितलेल्या वस्तूला हात लावते आणि काही म्हणजे काही तोंडात घालत नाही!

सोमवारी हळदीने आणि बिटाने रंगवलेले तांदूळ वाटीतून वाटीत ओतायचे होते. ते खोलीभर ओतले गेले. मंगळवारी संत्रे आडवे कापून, रंगात बुडवून कागदावर ठसे उमटवायचे होते. आमच्या दारापुढे संत्र्याची झाडे आहेत. संत्रे खायचे असते, हा स्वराचा अनुभवसिद्ध निष्कर्ष. तिने ठसा न उमटवता ते रंगासकट चोखले आणि माझ्या साडीला तोंड पुसले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार यांविषयी मी लिहू इच्छित नाही...

मुख्य अडचण अशी की, प्रत्येक प्रयोगानंतर ही मुलगी आईची चप्पल उराशी धरून दारात जाऊन बसे. हाक मारली तर ओ नाही. दोन वाजता प्रणाली हे दृश्य पाही आणि काही न बोलता चहा टाके. त्या न बोलण्याचा अर्थ मला समजत होता.

शनिवारी शेवटची संधी होती. वहीत लिहिले होते, ‘रंगांनुसार वर्गीकरण’. मला बरे वाटले... वर्गीकरण हा तर माझाच विषय. घरकामाला येणाऱ्या कौसाबाई गोधडी शिवण्यासाठी आमच्या जुन्या कपड्यांचे चौकोनी तुकडे कापून ठेवतात. ते वीसेक तुकडे घेतले, तीन थाळ्यांत लाल, पिवळा, निळा कागद चिकटवला आणि एकदा करूनही दाखवले.

स्वराने पिवळ्या थाळीत निळा तुकडा ठेवला. मी तो उचलून निळीत ठेवला. तिने परत पिवळीत. मग काळाही पिवळीत, आणि पांढरा लाल थाळीत. तिसरी थाळी तिने डोक्यावर उपडी घातली होती. एक गुलाबी तुकडा तर तिने तीनदा त्या पांढऱ्याशेजारी ठेवला आणि गुलाबी लालमध्ये बसत नाही म्हणून मी तो तीनदा बाहेर काढला. लालच्या जवळचा का असेना, पण स्वतंत्र रंग आहे तो...

चौथ्यांदा मी हात पुढे केला आणि तिने जो टाहो फोडला, तो ऐकून कौसाबाई अंगणातून धावत आल्या.

“अवं बाप्पा! बाई, काहून रडवून राहिल्या पोरीले?”

मी शांतपणे सांगितले की, ती सगळे चुकीचे लावते आहे.

कौसाबाईंनी थाळ्यांकडे पाहिले. “कुठं चुकलं? बराबर त हाय नं जी. हे पिवळं तिच्या मायच्या कुर्त्याचं, हे निळं मायच्या ओढणीचं, काळं मायच्या सलवारचं... अन् इकडं सारं तुमचं. तुमची साडी, तुमचं पोलकं.”

“आणि हा गुलाबी?”

“थे तिचंच झबलं व्हय. तुमच्यात ठेवून राहिली थे, अन् तुमी उचलून फेकून राहिल्या!”

मी गुलाबी तुकडा हातात घेतला...

विभाजनाचा आधार एकच असावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नये, हा नियम मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. या मुलीने तो पाळला होता. मी मात्र आधार कोणता, हे तिला विचारलेच नव्हते. इतक्या वर्षांत किती उत्तरांवर मी अशीच लाल फुली मारली असेल, हा विचार त्या दुपारी मला सुखाचा वाटला नाही.

गुलाबी तुकडा मी माझ्या साडीच्या तुकड्यावर ठेवला. स्वरा रडायची थांबली, डोक्यावरची थाळी काढली आणि माझ्या मांडीला टेकून बसली. दोन वाजता प्रणाली आली तेव्हा चप्पल जागेवर होती... तिने चहा टाकला आणि विचारले, “आई, सोमवारी कितीची बस धरू?”

सोमवारी स्वरा रडली, नाही असे नाही. अर्धा तास रडली आणि मग तुकड्यांचा डबा घेऊन आली. कौसाबाईंनी ते परत मागितलेले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काटेकोर बोलायचे, तर आई, आजी आणि स्वतः असे तीन वर्ग होतात. तेव्हा झबल्याचा तुकडा तिसऱ्या, रिकाम्या थाळीतच जायला हवा. पोरीची ही एक चूक निर्विवाद आहे... ती मी दुरुस्त करणार नाही.