मधली वर्षं

समीक्षा गावस चिडली की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. तिच्या सर्वण गावच्या लोकांना हे जनसुनावणीच्या दिवशी कळलं.

पणजीतल्या एका सल्लागार कंपनीत ती उपग्रहचित्रांचं काम करी. डिचोलीच्या डोंगरांची, तिच्या जन्माआधीपासूनची चित्रं ओळीने लावायची आणि रान कुठे टिकलं, कुठे गेलं ते शोधायचं. गावामागच्या डोंगराचं काम तिने जीव लावून केलं होतं. आधी दाट सदाहरित रान. मग खाण आली आणि तो भाग चित्रांत तांबडा, उघडा पडला. खाण थांबल्यावर मातीच्या ढिगांवर अकेशियाची झाडं लावली, तसा तो परत हिरवा झाला. पण ते रान नव्हे, हे मधली वर्षं पाहिली तरच कळतं.

आता डोंगराची उरलेली बाजूही खाणवाल्यांना हवी होती, आणि त्यासाठीचा अहवाल समीक्षाचीच कंपनी करत होती. सुनावणीत तिचे साहेब गोकुळदास यांनी पडद्यावर दोनच चित्रं दाखवली, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं. दोन्ही हिरवीगार. खाणीनंतर झाडं परत येतात, असं सांगून त्यांनी समीक्षाकडे हात केला. याच गावची मुलगी, तिनेच केलंय हे काम, म्हणाले. मधली चित्रं गाळलीत हे तिला तिथे खुर्चीत बसल्यावर समजलं.

पुढच्या रांगेतून तिची आई सुमंगला उठली. त्या खाणीपायी त्यांच्या कुळागराचा, सुपारीच्या बागेचा, झरा आटला होता.

“बाये, आमच्याच डोंगराचो खोटो नकाशो तू काढलंस?”

समीक्षा उठली. तिने साहेबांना मधली चित्रं दाखवायला सांगितलं. ते हसून, नंतर बघू म्हणाले. तिने त्यांच्या लॅपटॉपची वायर उपटली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर सोललेला तांबडा डोंगर आला.

“हेही माझंच काम,” ती हळू आवाजात म्हणाली. “हिरवं दिसतंय ती लागवड. आमचं रान गेलं ते अजून आलेलं नाही.”

कोणीतरी प्रोजेक्टर बंद केला. तोवर अख्खा हॉल उभा राहिला होता. सुनावणी गुंडाळावी लागली.

दुसऱ्या दिवशी गोकुळदासांचा फोन आला. कामावर यायचं नाही, तू कंपनीची माहिती चोरलीस.

“चित्रं साऱ्या जगाला फुकट मिळतात, साहेब,” ती म्हणाली. “त्यात तुमचं होतं ते फक्त खोटं.”

खाणीला परवानगी अजून मिळालेली नाही, नाकारलेलीही नाही. नवी सुनावणी लागली आहे, आणि अहवालात तीच दोन चित्रं आहेत. समीक्षाने सगळ्या वर्षांच्या चित्रांचा फ्लेक्स करून गावच्या तिठ्यावर लावला. कोणीतरी तो फाडला. तिने दुसरा लावला, पहिल्याहून मोठा.